डेलिकेट आर्चच्या वाटेवरची गर्दी: पार्श्वभूमी

अमेरिकेच्या युटा राज्यातल्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात २,००० हून अधिक नैसर्गिक कमानी आहेत, पण रांग लागते ती डेलिकेट आर्चच्या वाटेवर. जाऊन-येऊन पाच किलोमीटरच्या आत-बाहेरची ही चाल. अर्ध्याहून अधिक वाट उघड्या कातळावरून जाते, सावली नाही की पाणी नाही, आणि तरी संध्याकाळी कमानीसमोरच्या खोलगट कातळावर बसायला जागा मिळत नाही. कमान देखणी आहेच. पण ही गर्दी घडत गेली ती माणसांच्या निर्णयांमुळे.

१९२९ मध्ये इथे राष्ट्रीय स्मारक जाहीर झालं तेव्हा ही कमान हद्दीत नव्हतीच. ती आत आली १९३८ च्या विस्तारात. त्याआधी वाटेच्या पायथ्याशी, आज ज्याला वुल्फ रँच म्हणतात तिथे, यादवी युद्धात लढलेला एक माजी सैनिक १८९८ पासून गुरं पाळून राहत होता. १९१० मध्ये कुटुंबाने जागा सोडली, त्यांची लाकडी झोपडी मात्र अजून उभी आहे. कमानीचं आजचं नाव १९३३-३४ च्या वैज्ञानिक मोहिमेच्या वेळचं. दोन कमानींच्या नावांची चुकून अदलाबदल झाली, ही उद्यानाशेजारच्या मोॲब गावाच्या परिसरात सांगितली जाणारी गोष्ट खरी नाही.

१९५० च्या दशकात कमान झिजू नये म्हणून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकचा लेप द्यायचा विचार झाला होता. तो अव्यवहार्य ठरला, शिवाय उद्यानांच्या मूळ तत्त्वातही बसत नव्हता, म्हणून सोडून दिला. ते बरंच झालं. ज्या झिजेने वालुकाश्मातून ही कमान कोरली, तिलाच थांबवण्याचा तो हट्ट होता. १९५८ मध्ये उद्यानात डांबरी रस्ता आला, १९७१ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

युटाचा चेहरा म्हणून ही कमान पुढे आली ती १९९० च्या दशकात, राज्याच्या शताब्दीच्या निमित्ताने ती गाड्यांच्या नंबरप्लेटवर झळकली तेव्हा. २००२ च्या हिवाळी ऑलिम्पिकची मशालही तिथे नेण्यात आली. २००६ मध्ये एक नामांकित गिर्यारोहक कमानीवर चढला. तेव्हाच्या नियमाची भाषा इतकी सैल होती की त्याच्यावर कारवाई होऊ शकली नाही. लगेचच ती भाषा बदलून बंदी स्पष्ट करण्यात आली.

२०१३ मध्ये राज्याने आपल्या पाच राष्ट्रीय उद्यानांची एकत्रित जाहिरात सुरू केली आणि मग चित्र झपाट्याने बदललं. २०१० च्या सुमारास आर्चेसमध्ये वर्षाला १० लाख लोक येत होते, २०२१ मध्ये तो आकडा १८ लाखांच्या वर गेला. वाहनतळ भरले की सकाळीच प्रवेशद्वार बंद करायचं आणि काही तासांनी उघडायचं, असं वारंवार होऊ लागलं. दूरवरून आलेली माणसं फाटकावरून परत फिरत होती.

यातूनच वेळ ठरवून प्रवेश देण्याची पद्धत आली. २०१७ मध्ये आरक्षणाचा पहिला आराखडा मांडला गेला, तेव्हा मोॲबमधल्या अनेक व्यावसायिकांनी धंदा बुडेल म्हणून विरोध केला आणि तो बाजूला पडला. एप्रिल २०२२ मध्ये तीच कल्पना प्रायोगिक म्हणून अमलात आली. नेहमीच्या प्रवेश शुल्काखेरीज २ डॉलर भरून आधी वेळ राखून ठेवायची. पहिल्या वर्षी ही अट सकाळी ६ ते संध्याकाळी ५ पर्यंत होती, पुढे ती ७ ते ४ अशी आकसली. त्या वेळेच्या आधी किंवा नंतर कुणीही आरक्षणाशिवाय आत जाऊ शकत होतं.

वाद झाला तो मुख्यतः पैशांचा आणि हक्काचा: हॉटेलं रिकामी राहतात का, सार्वजनिक जमिनीवर जायला आगाऊ नोंदणी का हवी. हे प्रश्न खोटे नाहीत. आपापली सुट्टी तीन महिने आधी कुणाला ठरवता येते आणि कुणाला नाही, हा तर खरोखरच न्यायाचा प्रश्न आहे. पण या सगळ्या चर्चेत पायवाट कुठेच नव्हती. डेलिकेट आर्च ही मावळतीची कमान. सूर्य कलला की दगड केशरी होतो, मागे ला साल पर्वताची रांग दिसते, आणि लोक त्याच घटकेसाठी चढतात. जूनमध्ये इथे सूर्यास्त रात्री पावणेनऊच्या सुमारास होतो, ऑक्टोबरातही सहा वाजून गेल्यावर. म्हणजे चारनंतर फाटकातून आत आलेला माणूस निवांत वर पोचतो. ज्या वेळेला ही वाट सर्वात जास्त भरते, ती आरक्षणाच्या कक्षेबाहेरच राहिली.

उन्हाच्या दृष्टीने त्यात एक फायदा होता. उन्हाळ्यात भर दुपारी या कातळावर चढणं धोक्याचं असतं, त्यामुळे लोक पहाटे किंवा संध्याकाळी निघाले तर चांगलंच. पण संध्याकाळची गर्दी उतरते अंधारात, दगडांच्या छोट्या राशींच्या खुणांवर. शेवटची आडवी वाट कड्यालगत कातळात कोरलेली आहे, तिथे चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येतात.

फाटकावर गाड्या मोजणं गरजेचं होतं, आणि ती पद्धत सुरू केली हे माझ्या मते योग्यच झालं. पण फाटकावरची मोजणी सगळ्या उद्यानाची असते. या एका वाटेसाठी मोजणी व्हायला हवी ती वुल्फ रँचच्या वाहनतळावर, आणि तीही दुपारी चारनंतर.