केल्सीनंतरचा सेंटर: पाच जणांच्या भिंतीतला एक माणूस बदलताना

४ मार्च २०२४ रोजी फिलाडेल्फिया ईगल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा सेंटर जेसन केल्सी याने निवृत्ती जाहीर केली. तो तेरा हंगाम एकाच संघाकडून खेळला होता आणि त्यांपैकी सलग १५६ सामन्यांत पहिल्या चालीपासून मैदानात उभा होता. बाह्या नसलेला टी-शर्ट घालून आलेला हा धिप्पाड माणूस पत्रकारांसमोर बोलताना वारंवार रडला आणि त्याच्या रडण्याची बातमी जगभर झाली. मला मात्र तेव्हापासून वेगळाच प्रश्न सतावत राहिला. केल्सीने या खेळात फारसा चेंडू पळवला नाही, गोल म्हणावे असे काही केले नाही, सामान्य प्रेक्षकाची नजर त्याच्यावर क्वचितच पडली. अशा माणसाच्या जाण्याने एवढी पोकळी का निर्माण होते आणि ती नेमकी कशी भरतात? या प्रश्नाच्या उत्तरात पदार्थविज्ञान आहे, संभाव्यतेचे गणित आहे आणि माणसाचा मेंदू हालचाली कशा शिकतो याचाही भाग आहे.

आधी थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक चालीच्या आरंभी आक्रमक संघाचे पाच जड खेळाडू एका रेषेत ओणवे उभे राहतात. मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक गार्ड आणि टोकांना एकेक टॅकल. सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅककडे देतो, याला स्नॅप म्हणतात. त्या क्षणी समोरून प्रतिस्पर्धी संघाचे तितकेच जड खेळाडू चाल करून येतात आणि क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यासाठी लागणारे दोन-तीन सेकंद मिळवून देणे, किंवा चेंडू घेऊन पळणाऱ्यासाठी फट पाडणे, हे या पाच जणांचे काम असते.

या कामाला नुसते वजन पुरत नाही, हे एका साध्या हिशेबातून दिसते. समजा, आपला खेळाडू १४० किलो वजनाचा आहे आणि त्याने मागचा पाय शरीराच्या गुरुत्वमध्यापासून अर्धा मीटर मागे रोवला आहे. त्याचे वजन सुमारे १३७० न्यूटन होते. मागच्या पायावरून उलटून पडण्याला हे वजन विरोध करते आणि त्या विरोधाचे परिबल १३७० गुणिले ०.५, म्हणजे सुमारे ६८५ न्यूटन-मीटर भरते. समोरच्याने त्याला ६०० न्यूटन बलाने जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर, म्हणजे तो ताठ उभा असता छातीवर ढकलले, तर उलटवणारे परिबल ७८० होते आणि आपला खेळाडू मागे कोलमडतो. तोच खेळाडू गुडघ्यांत वाकून छाती २० सेंटिमीटर खाली आणतो, तेव्हा १.१ मीटर उंचीवर तेच बल केवळ ६६० न्यूटन-मीटर परिबल निर्माण करते आणि तो टिकून राहतो. प्रत्यक्षात दोघेही हलत असतात, हात झटापट करत असतात, त्यामुळे हा हिशेब स्थिर चित्राचाच आहे. तरीही जो खाली तो जिंकतो, असे या फळीचे प्रशिक्षक पिढ्यान्‌पिढ्या का सांगत आले, ते यावरून कळते. केल्सीची उंची सुमारे १९१ सेंटिमीटर आणि वजन सुमारे १३४ किलो होते. आपल्याला तो राक्षस वाटेल, पण त्याच्या व्यवसायात तो लहानखुरा समजला जात असे, आणि सेंटरच्या जागी बुटकेपणा त्याच्या पथ्यावर पडला.

ढकलण्याचे हे सारे बल शेवटी जमिनीकडून येते. खेळाडू पायाने जमीन मागे रेटतो आणि जमीन त्याला पुढे रेटते. बुटांच्या खिळ्यांची पकड सुटली, तर वजन आणि ताकद दोन्ही कुचकामी ठरतात. ६ सप्टेंबर २०२४ रोजी ईगल्सचा नव्या हंगामातला पहिला सामना ब्राझीलमधील साओ पावलो येथे झाला, तेव्हा तिथल्या मैदानावर दोन्ही संघांचे खेळाडू वारंवार घसरत होते. केल्सीशिवायची ईगल्सची ही पहिलीच परीक्षा होती. त्या सामन्यात नवा सेंटर कॅम जर्गन्स आणि क्वार्टरबॅक जेलन हर्ट्‌स यांच्यातल्या एका स्नॅपमध्ये गफलत होऊन चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेला. ईगल्सने सामना ३४-२९ असा जिंकला, परंतु केल्सीच्या काळात इतका गृहीत धरलेला स्नॅप ही मुळात किती नाजूक क्रिया आहे, हे त्या एका चुकीत दिसले.

स्नॅप जवळून पाहण्यासारखा असतो. क्वार्टरबॅक बहुतेक वेळा सुमारे साडेचार मीटर मागे उभा असतो. सेंटर एका हाताने चेंडू धरून वाकलेला असतो, त्याची नजर समोरच्या शत्रूवर असते, आणि न बघता, मनगटाच्या एका झटक्यात त्याला चेंडू क्वार्टरबॅकच्या छातीपाशी पोहोचवायचा असतो. ज्या हाताने चेंडू सोडला तोच हात पुढच्याच क्षणी वर आणून समोरून आदळणाऱ्या १४०-१५० किलोच्या माणसाला थोपवायचे असते. प्रत्येक चालीत चेंडूला हमखास हात लावणारा आक्रमक फळीतला हा एकच खेळाडू. दृष्टीचा आधार नसताना हात कुठे आहे, मनगट किती वळले आहे, याचे भान स्नायू आणि सांध्यांतील संवेदकांकडून मिळते, आणि हजारो वेळा तीच हालचाल केल्यावर लहान मेंदू तिचा अंदाज आधीच बांधू लागतो. मग हालचालीकडे लक्ष द्यावे लागत नाही आणि मोकळे झालेले लक्ष समोरच्यांची मांडणी वाचण्यात लावता येते. खरा अनुभवी सेंटर इथेच ओळखू येतो. प्रतिस्पर्धी कुठून घुसणार हे ताडून, कोणी कोणाला अडवायचे याची हाक तो आपल्या चार साथीदारांना चेंडू सोडण्याआधीच्या काही सेकंदांत देतो.

परक्या मैदानावर ही हाकही ऐकू येत नाही, कारण यजमान संघाचे हजारो प्रेक्षक मुद्दाम गोंगाट करतात. एरवी आक्रमक फळी क्वार्टरबॅकच्या आवाजावर निघते. स्नॅप कितव्या हाकेला होणार हे तिला ठाऊक असते, तर बचाव करणाऱ्यांना चेंडू हललेला दिसेपर्यंत थांबावे लागते. शिवाय माणूस ध्वनीला दृश्यापेक्षा काही शतांश सेकंद लवकर प्रतिसाद देतो. गोंगाटात हा सगळा फायदा जातो. तेव्हा मूक मोजणी वापरतात. गार्ड मागे वळून क्वार्टरबॅकचा इशारा पाहतो, सेंटरला हाताने हलकेच स्पर्श करतो, सेंटर डोके वर करतो किंवा हलवतो आणि ठरलेल्या अंतराने चेंडू सोडतो. ते अंतर पाचही जणांच्या अंगात एकसारखे मुरलेले असावे लागते. नवा माणूस कितीही बलवान असला, तरी हा ताल तो करारपत्रावर सही करून घेऊन येत नाही.

आता गणिताकडे वळू. समजा, पाचही खेळाडू प्रत्येकी शंभरपैकी ९५ वेळा आपापला माणूस अडवून धरतात. भिंत शाबूत राहण्यासाठी पाचही जण एकाच वेळी यशस्वी व्हायला हवेत, म्हणून ०.९५ ला स्वतःशी पाच वेळा गुणायचे. उत्तर सुमारे ०.७७ येते. एकाच जागी कच्चा माणूस आला आणि तो ८५ वेळाच यशस्वी झाला, तर हा आकडा सुमारे ०.६९ पर्यंत घसरतो. चार जण तितकेच उत्तम खेळूनही दर शंभर चालींमागे आठ चाली जास्त कोसळतात. अर्थशास्त्रज्ञ मायकेल क्रेमर यांनी १९९३ साली नेमका हाच गुणाकार उत्पादनव्यवस्थेला लावला आणि त्या सिद्धान्ताला ‘ओ-रिंग’ हे नाव दिले, कारण १९८६ साली चॅलेंजर अवकाशयानाचा घात एका रबरी कड्याच्या बिघाडातून झाला होता. एस्तेर द्यूफ्लो आणि मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी यांच्यासमवेत २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे क्रेमर हेच.

मात्र या गुणाकारात एक गृहीतक लपलेले आहे आणि ते फुटबॉलला पुरते लागू होत नाही. प्रत्येकाचे यश दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे, असे आपण मानले. प्रत्यक्षात शेजारी एकमेकांना सावरतात. दोघे मिळून एका बचावपटूला रेटतात, आणि तो हलला की त्यांच्यातला एक सुटून मागच्या फळीतल्या दुसऱ्याला गाठतो. कोणी सुटायचे आणि केव्हा, हे बोलायला वेळ नसतो. ते खांद्याला लागलेल्या खांद्यावरून, कमरेला लागलेल्या धक्क्यावरून कळते. कबड्डीतल्या साखळीत ज्याने कधी शेजाऱ्याचा हात धरून चढाईपटूला कोंडले असेल, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. म्हणून या फळीकडे पाच माणसे म्हणून पाहण्याऐवजी त्यांच्यामधले चार सांधे म्हणून पाहणे मला अधिक योग्य वाटते.

ईगल्सने केलेला बदल या नजरेने पाहिला की विलक्षण वाटतो. जर्गन्स हा नवखा नव्हता. महाविद्यालयीन खेळाडूंच्या २०२२ च्या निवडप्रक्रियेत संघाने त्याला दुसऱ्या फेरीत, ५१ व्या क्रमांकावर घेतले होते, तेव्हा केल्सी जोरात खेळत होता. महाविद्यालयीन सेंटरांच्या चित्रफिती पाहून संघाला मत देण्याचे काम केल्सीनेही केले होते आणि आपल्याशी सर्वांत जास्त साम्य असलेला खेळाडू म्हणून त्याने जर्गन्सचे नाव उघडपणे घेतले होते. दोघांचे साम्य शरीरापुरते नव्हते. केल्सी सिनसिनाटी विद्यापीठात धावपटू, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा खेळाडू, म्हणून दाखल झाला आणि नंतर या फळीत आला, जर्गन्स शाळेत चेंडू झेलणारा टाइट एंड होता आणि नेब्रास्का विद्यापीठात सेंटर बनला. दोघांच्याही पायांत चपळाई होती. ईगल्सच्या पद्धतीत सेंटरला स्नॅपनंतर फळी सोडून धावत जाऊन दूरच्या माणसाला अडवावे लागते, तिथे ही चपळाई कामी येते. पहिला हंगाम जर्गन्सने जवळजवळ पूर्ण बाकावर काढला. २०२३ मध्ये त्याला उजव्या गार्डच्या जागी, म्हणजे केल्सीच्या थेट शेजारी उभे केले गेले. सेंटर काय पाहतो आणि केव्हा हाक देतो, हे त्याने एक हातभर अंतरावरून अनुभवले.

केल्सी गेल्यावर जर्गन्स मध्ये सरकला आणि उजव्या गार्डची जागा रिकामी झाली. तिथे मेकाय बेक्टन आला. हा सुमारे २०१ सेंटिमीटर उंच आणि १६० किलोंहून अधिक वजनाचा खेळाडू मूळचा टॅकल, २०२० मध्ये न्यू यॉर्क जेट्सने ११ व्या क्रमांकावर निवडलेला, आणि गुडघ्याच्या दुखापतींनी जवळजवळ दोन हंगाम गमावलेला. म्हणजे माणूस एक गेला, पण डावा गार्ड आणि सेंटर, सेंटर आणि उजवा गार्ड, उजवा गार्ड आणि उजवा टॅकल असे चारपैकी तीन सांधे बदलले. बाहेरून तयार सेंटर आणून जर्गन्सला जागेवर ठेवले असते, तर दोनच बदलले असते. संघाने जास्त सांधे मोडणारा मार्ग पत्करला, कारण मध्यभागी लागणारी समज विकत आणण्यापेक्षा घरात वाढवलेली बरी, असा त्याचा हिशेब होता. माझ्या मते तो अचूक होता.

बेक्टनला टॅकलचा गार्ड करणे ही वरवर किरकोळ वाटणारी गोष्ट आहे. टॅकल टोकाला असतो, वेगाने वळसा घालून येणाऱ्याला तो मागे सरकत अडवतो आणि त्याला विचार करायला क्षणभर जास्त मिळतो. गार्डच्या अंगावर माणूस जवळजवळ लगेच येतो आणि हात पसरायला जागा नसते. पायांचा क्रम बदलतो, पहिल्या ठोशाची वेळ बदलते. अंगवळणी पडलेली हालचाल मोडून तिच्यासारखीच पण थोडी वेगळी हालचाल बसवताना जुने वळण पुन:पुन्हा डोके वर काढते. हस्ताक्षर बदलू पाहणाऱ्याला हा अनुभव येतो. ते मोडायला शिक्षक आणि वेळ दोन्ही लागतात. ईगल्सकडे २०१३ पासून जेफ स्टाउटलँड हे या फळीचे प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली घडलेला डावा टॅकल जॉर्डन मेलाटा हा सिडनीतला रग्बीपटू. २०१८ मध्ये सातव्या फेरीत निवड होईपर्यंत त्याने हा खेळ एकदाही खेळलेला नव्हता आणि पहिला अधिकृत सामना खेळायला त्याला २०२० साल उजाडले. दूरचित्रवाणीवर खेळाडू आपल्या विद्यापीठाचे नाव सांगतात, तेव्हा मेलाटा ‘जेफ स्टाउटलँड विद्यापीठ’ असे सांगतो. गुरूचे ऋण मानण्याची ही रीत मला मनापासून भावते.

केल्सीनंतरच्या त्या २०२४ च्या हंगामात सॅक्वॉन बार्कली या धावपटूने २००५ यार्ड, म्हणजे सुमारे १८३३ मीटर मजल मारली. त्याआधी आठच जणांना एका हंगामात दोन हजार यार्ड गाठता आले होते. फटी पाडणारी फळी तीन नवे सांधे घेऊन उभी होती, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचावा.

मग २६ जानेवारी २०२५ उजाडली. विभागीय अंतिम सामना वॉशिंग्टनविरुद्ध होता आणि जर्गन्सची पाठ इतकी दुखत होती की तो सुरुवातीला खेळू शकला नाही. डावा गार्ड लँडन डिकरसन सेंटरच्या जागी गेला आणि डिकरसनच्या जागी टायलर स्टीन आला. सामन्याच्या मध्यावर डिकरसनचा गुडघा दुखावला. तेव्हा ठणकणारी पाठ घेऊन जर्गन्स मैदानात उतरला. एका संध्याकाळीत सेंटरच्या जागी दोन माणसे झाली, तरी ईगल्सने सामना ५५-२३ असा जिंकला. दोन आठवड्यांनी, ९ फेब्रुवारीला, जर्गन्स आणि डिकरसन दोघेही सुपर बोल या विजेतेपदाच्या सामन्यात पहिल्या चालीपासून आपापल्या जागी होते आणि कॅन्सस सिटी चीफ्सचा ४०-२२ असा पराभव झाला. त्यानंतर जर्गन्सच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली.

पुढच्याच महिन्यात बेक्टन लॉस एंजेलिस चार्जर्सकडे गेला आणि उजव्या गार्डची जागा पुन्हा रिकामी झाली. या वेळी ती स्टीनला मिळाली. २०२३ मध्ये तिसऱ्या फेरीत निवडलेला, तोही महाविद्यालयात टॅकल असलेला हा खेळाडू दोन हंगाम बहुतांशी बाकावर बसून स्टाउटलँड यांच्या हाताखाली गार्डची पावले गिरवत होता.