इंडोनेशियातील मुक्कामाची मुदतवाढ

पर्यटनासाठी, आप्तांना भेटण्यासाठी किंवा व्यवसायाच्या बैठकांसाठी इंडोनेशियात आलेल्या परदेशी माणसाला देश न सोडता मुक्काम लांबवून देणारी सरकारी प्रक्रिया. तिचे स्थानिक नाव ‘पर्पांजांगान’; ‘पांजांग’ म्हणजे लांब. बोलताना सगळे ‘व्हिसा वाढवणे’ म्हणतात, पण कायद्याच्या दृष्टीने व्हिसा वाढत नाही. व्हिसा हा दाराशी दाखवायचा कागद. आत पाऊल टाकले की त्याचे काम संपते आणि ‘इझिन तिंगाल कुंजुंगान’ म्हणजे भेटीपुरता मुक्काम-परवाना सुरू होतो. मुदत वाढते ती या परवान्याची. हा शब्दच्छल वाटेल, पण पुष्कळसे घोटाळे इथेच होतात. विमानतळावरच्या व्हिसाची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती आधी काढून ठेवली, तर ती मिळाल्यापासून ९० दिवसांत देशात प्रवेश करायचा असतो. हे ९० दिवस म्हणजेच मुक्काम, असे समजून बसणारे प्रवासी दर हंगामात निघतात.

व्यवस्थेचा पाया २०११ चा सहाव्या क्रमांकाचा इमिग्रेशन कायदा. खाते पूर्वी कायदा व मानवाधिकार मंत्रालयाकडे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये इमिग्रेशन आणि तुरुंग यांचे स्वतंत्र मंत्रालय झाले.

कोणाचा मुक्काम वाढतो, हे तो कोणत्या दाराने आला त्यावर ठरते. आग्नेय आशियाई शेजारी देशांच्या नागरिकांना व्हिसाविना ३० दिवस राहता येते, पण ते वाढत नाहीत. २०१६ च्या अध्यक्षीय आदेशाने ही मोफत सोय भारतासह १६९ देशांना मिळाली होती. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे ती थांबली आणि जून २०२३ मध्ये १५९ देशांसाठी औपचारिकपणे काढून घेतली गेली. त्या काळी बालीला जाऊन आलेल्यांनी सांगितलेले ‘फुकट शिक्का मारतात’ हे आता खरे नाही. भारतीय पारपत्रधारक हल्ली बहुधा विमानतळावरचा व्हिसा घेतात. त्याचे शुल्क ५,००,००० रुपिया, म्हणजे साधारण अडीच ते तीन हजार भारतीय रुपये. मुदत ३० दिवस. तितकेच शुल्क पुन्हा भरून ती एकदाच आणखी ३० दिवसांनी वाढवता येते. साठावा दिवस हा शेवट. पुढे देश सोडूनच परतावे लागते. त्यासाठी सिंगापूर किंवा क्वालालंपूरला एक फेरी मारून येण्याची चाल बालीत इतकी रुळली आहे की तिला ‘व्हिसा रन’ असे नावच पडले. ज्याला आधीपासूनच दोन महिन्यांहून जास्त राहायचे आहे, त्याने ६० दिवसांचा भेट-व्हिसा काढून यावे हे शहाणपणाचे. पर्यटनासाठीच्या या प्रकाराला आता सी-१ म्हणतात. जुन्या ‘बी-२११-ए’ या नावानेही तो अजून ओळखला जातो. तो दोनदा, साठ-साठ दिवसांनी, एकूण १८० दिवसांपर्यंत वाढतो.

दिवस मोजण्याची रीत नीट समजून घ्यावी. उतरल्याचा दिवस हाच पहिला दिवस. रात्री साडेअकराला उतरलात तरी तो पूर्ण धरला जातो. १ जानेवारीला आलेल्याचा तिसावा दिवस ३० जानेवारी. ‘महिनाभराचा व्हिसा’ म्हणून ३१ तारखेचे तिकीट काढणारा एक दिवस जादा राहतो. वाढीव ३० दिवसही अर्जाच्या तारखेपासून नव्हे, तर जुनी मुदत संपते तिथून पुढे मोजतात. त्यामुळे अर्ज लवकर केल्याने एकही दिवस वाया जात नाही. उशीर मात्र महाग पडतो, कारण मुदत उलटल्यावर वाढ मागता येत नाही. एक-दोन आठवडे हाताशी ठेवण्याचा सल्ला सगळेच देतात. रमजान ईदच्या आसपास तर ते फारच गरजेचे. त्या दिवसांत सामूहिक रजांमुळे सरकारी कचेऱ्या सलग बंद असतात. बालीत न्येपीच्या मौनदिनी विमानतळसुद्धा बंद असतो. दिवसांची मोजणी मात्र सुट्टी घेत नाही.

अर्जाची जुनी पद्धत तीन फेऱ्यांची होती: कागदांचे फोल्डर देणे, फोटो व बोटांचे ठसे, आणि शेवटी शिक्का मारलेले पारपत्र परत घेणे. तोवर पारपत्र कचेरीतच राही. नोव्हेंबर २०२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक व्हिसा आला आणि तो घेतलेल्यांना घरबसल्या, कार्डाने पैसे भरून मुदत वाढवता येऊ लागली. ही सुखाची स्थिती फार टिकली नाही. २९ मे २०२५ पासून अर्ज व शुल्क ऑनलाइन झाले तरी फोटो आणि मुलाखतीसाठी अर्जदाराने स्वतः कचेरीत यावे, असा नियम झाला. कारण सांगितले गेले ते परवान्यांचा गैरवापर रोखण्याचे. जामीनदार एजंटाला पैसे दिले की आपण समुद्रकिनारी मोकळे, ही सोय त्यामुळे अर्धीच उरली. एजंट कागद भरून देतो. चेहरा आपलाच न्यावा लागतो.

कचेरीही मन मानेल ती निवडता येत नाही. मुक्कामाच्या पत्त्यावरून ती ठरते. एकट्या बालीत तीन आहेत. कुटा आणि दक्षिणेकडच्या किनाऱ्यासाठी जिंबारानमधली ङुरा राय कचेरी, उबुदसह मध्य भागासाठी देनपसार, उत्तरेला व दोन्ही टोकांना सिंगराजा. अर्धी चड्डी व बिनबाह्यांचा बनियन घालून आलेल्याला दारातूनच परतवतात. अख्खे बेट त्याच वेशात फिरत असताना हा नियम अनेकांना नवा वाटतो.

मराठी माणसाला या कचेरीतली भाषा अर्धवट ओळखीची वाटते. नागरिक म्हणजे ‘वर्गा नगारा’, खर्च किंवा शुल्क म्हणजे ‘बियाया’ (आपला व्यय), मुदत म्हणजे ‘मासा’ आणि दंडाला शब्द ‘देंडा’. मूळ संस्कृत, फक्त वळणे जावा-मलायाची.

हा देंडा जादा राहिलेल्या प्रत्येक दिवसाला १०,००,००० रुपिया आहे. २०१९ पूर्वी तो ३,००,००० होता. जादा दिवस ६० पेक्षा कमी असतील तर विमानतळावर पैसे भरून सुटका होते. पैसे भरता आले नाहीत, किंवा ६० दिवसांची हद्द ओलांडली, तर हद्दपारी आणि पुन्हा येण्यावर बंदी. याहून गंभीर गुन्हा परवान्याच्या गैरवापराचा. भेटीच्या परवान्यावर योगवर्ग घेऊन पैसे मिळवणे किंवा ग्राहकांची छायाचित्रे काढून मोबदला घेणे हे ‘कर्जा’ म्हणजे काम ठरू शकते. कलम १२२ नुसार त्याची कमाल शिक्षा ५ वर्षे कैद आणि ५० कोटी रुपिया दंड. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणे हद्दपारीवर मिटतात. मुदत वाढवून मिळाली म्हणजे कामाची मुभा मिळाली, असे मुळीच नाही.

माणसाच्या हाताबाहेरच्या प्रसंगांसाठी वेगळा, सक्तीच्या परिस्थितीतला मुक्काम-परवाना आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या राखेने बालीचा विमानतळ बंद पडला, तेव्हा अडकलेल्या प्रवाशांसाठी तो वापरला गेला. २०२० मध्ये कोविडने उड्डाणे थांबल्यावर तो अर्जाविना आणि विनाशुल्क, आपोआप लागू झाला. राख, साथ, बंद आकाश हे त्यात बसते. रहदारीत अडकून चुकलेले विमान बसत नाही.