पार्श्वभूमी : कारखान्यासाठी लिहिलेला नियम खाजणापर्यंत कसा आला

आमच्या खाडीकाठच्या गावात मृगाच्या आधी बियाण्याची मुडी सोडतात. पेंढ्यात घट्ट आवळून माळ्यावर जपलेली ती मुडी अंगणात आली की काकू सूप घेऊन बसते. मूठ-मूठ भात पाखडायचे आणि लालसर, लांब कुसळाचा दाणा दिसला की चिमटीत धरून बाजूला टाकायचा. पाणथळीत आपोआप उगवणाऱ्या जंगली भाताचा तो अंश. शेतात राहिला तर कापणीआधीच दाणे झाडतो आणि पुढच्या पावसात जास्तच वर येतो. काकू त्याला नुसती ‘भेसळ’ म्हणते. जनुकीय बदल केलेले जीव निसर्गात सोडण्याबाबतचे नियम वाचताना मला दर वेळी हे सूप आठवते.

हा विषय आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्याच्या कपाशीचा समजला जाई. कोकणात कपाशी नाही, तेव्हा आपल्याला काय त्याचे, असा सूर होता. ४ मे २०२५ रोजी तो सूर बदलायला हवा होता. त्या दिवशी केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जनुक-संपादित, म्हणजे स्वतःच्याच जनुकात दुरुस्ती केलेल्या, भाताचे दोन वाण जाहीर केले : ‘डीआरआर धान १००’ म्हणजे कमला, आणि ‘पुसा डीएसटी राईस १’. दुसऱ्या वाणाची ख्याती क्षार आणि दुष्काळ सोसण्याची. शिफारस केलेल्या राज्यांत महाराष्ट्राचे नाव आहे. क्षार सोसणारे भात म्हटले की आपली खार जमीन, म्हणजे खाडीकाठची खाजणे, आलीच.

नियमांचे मूळ मात्र शेतात नाही. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळची वायुगळती झाली आणि त्या धक्क्यातून १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याच कायद्याखाली ५ डिसेंबर १९८९ रोजी जे नियम अधिसूचित झाले, ते आजही या विषयाचा पाया आहेत. त्यांचे शीर्षक लांबलचक आहे : घातक सूक्ष्मजीव आणि जनुकीय अभियांत्रिकीने घडवलेले जीव किंवा पेशी यांची निर्मिती, वापर, आयात, निर्यात आणि साठवण. ‘पेरणी’ हा शब्द त्यात नाही. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा होती, औषधाची टाकी होती, गळती होती.

तरीही नववा नियम कडक होता आणि मला तो आजही या सगळ्याचा कणा वाटतो. असे जीव मुद्दाम किंवा चुकून वातावरणात सोडायला परवानगी नाही, प्रयोगासाठीसुद्धा नाही. विशेष बाब म्हणूनच केंद्राची मंजुरी समिती, जिला सगळे ‘जीईएसी’ म्हणतात, ती परवानगी देऊ शकते. परवानगी पहिल्यांदा जास्तीत जास्त चार वर्षांची, पुढे दोन-दोन वर्षांनी वाढवायची. संस्थेच्या पातळीवर एक समिती, संशोधनावर नजर ठेवणारी दुसरी, राज्याची एक, आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती. कागदावर ही उतरंड थेट रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कलेक्टर कचेरीपर्यंत येते.

पहिली खरी कसोटी कपाशीने घेतली. जालन्याच्या महिको कंपनीच्या तीन बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या, संकरित वाणांना २६ मार्च २००२ रोजी मंजुरी मिळाली. पण त्याच्या आदल्याच वर्षी गुजरातेत ‘नवभारत १५१’ नावाची बीटी कपाशी विनापरवाना हजारो एकरांवर उभी असल्याचे उघडकीस आले होते. पीक नष्ट करण्याचा आदेश निघाला तोवर बोंडे फुटली होती. कायद्याआधी बियाणे धावले, आणि तेव्हापासून ते पुढेच आहे. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी तणनाशक सोसणारी विनापरवाना कपाशी उघडपणे पेरून सत्याग्रह केला. तंत्रज्ञान निवडायची मोकळीक हवी, हे त्यांचे म्हणणे सगळे खोडून काढण्यासारखे नव्हते. पण पाकीटबंद बियाण्याचीच ही गत असेल तर घरच्या बियाण्याचा माग कोण काढणार, ही चिंता मला तेव्हापासून आहे.

वांग्याच्या वेळी गोष्ट थांबली. १४ ऑक्टोबर २००९ रोजी जीईएसीने बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या (महाराष्ट्रातली नागपूरला झाली, समुद्रकाठी एकही नाही) आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी स्थगिती दिली. वांगे मूळ आपल्याच भूमीतले, त्याचे रानटी भाईबंद इथल्या बांधांवर उभे आहेत, हा त्यामागचा एक मुद्दा होता. त्याच वर्षी जीईएसीच्या नावातला ‘मंजुरी’ शब्द जाऊन ‘मूल्यमापन’ आला.

कोकणाचे नाव या इतिहासात ठळकपणे येते ते २०११ साली. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ गटाकडे रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचा प्रश्न मुद्दाम सोपवलेला होता. अहवालावरून खाणी, वीज प्रकल्प, घरे बांधण्यावरची बंधने यांची भांडणे गावोगाव झाली, सभा झाल्या, मोर्चे निघाले. त्याच अहवालात संपूर्ण पश्चिम घाटात जनुकीय बदल केलेल्या पिकांना परवानगी नको, अशी शिफारस होती. तिच्याबद्दल बाजूने किंवा विरोधात बोललेले मला आमच्या पंचक्रोशीत कोणी आठवत नाही. एवढी महत्त्वाची ओळ अशी वाचल्याविना राहिली, याचे वाईट वाटते.

सर्वोच्च न्यायालयात जनुकीय पिकांविरोधात २००५ पासून चाललेल्या प्रकरणात नेमलेल्या तांत्रिक तज्ज्ञ समितीनेही ज्या पिकांचे उगमस्थान किंवा वैविध्याचे केंद्र भारत आहे, त्यांत असा बदल करून ती शेतात सोडू नयेत असे सांगितले. भात त्यात आलेच. त्याच प्रकरणात जनुकीय मोहरीच्या मंजुरीवर २३ जुलै २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींचे मत विभागले. राष्ट्रीय धोरण आखा, यावर मात्र दोघेही एक होते.

आता कळीचा कागद. ३० मार्च २०२२ रोजी पर्यावरण मंत्रालयाने एक कार्यालयीन ज्ञापन काढले. ज्या वनस्पतींच्या स्वतःच्याच जनुकात काटछाट किंवा बारीक दुरुस्ती केली आहे आणि परके जनुक शिल्लक नाही, त्यांना १९८९ च्या नियमांतले ७ ते ११ हे नियम लागू नाहीत. नववा नियम त्यातच गेला. त्यामुळे मे २०२५ चे दोन वाण जीईएसीपुढे गेलेच नाहीत.

यामागचे शास्त्र खोटे नाही. निसर्गातही असे बदल होतात, आणि बीटीसारखे जिवाणूचे जनुक इथे नाही. भात स्वतःच्याच परागावर फळते, शेजारच्या पिकाशी संकर सहसा एक टक्काही होत नाही. म्हणून प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत अवघे तीन मीटर अंतर पुरे मानतात.

पण आमच्या कुणग्यांत, म्हणजे भाताच्या लहान खाचरांत, तीन मीटर कुठून आणायचे? चार गुंठ्यांचा कुणगा, मध्ये हातभर रुंदीची मेर म्हणजे बांध, पलीकडे चुलत्याचे भात आणि उताराला पाण्यात जंगली भात. क्षार सोसण्याचा गुण पिकात गेला तर शेतकऱ्याचे कल्याण. तोच गुण खाजणातल्या जंगली भाताला मिळाला, तर आज खाऱ्या पाण्याने आटोक्यात असलेले ते तण उद्या आवरायचे कसे? एखाद-दुसरा संकरही तिथे पुरतो, कारण दाणा झडतो आणि उरतो. शिवाय बियाणे हातोहात फिरते. मुडीतले पायलीभर भात लेकीच्या सासरी जाते, तिथून तिच्या नणंदेकडे. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने बियाणे राखायचा, वाटायचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे आणि तो राहिलाच पाहिजे. म्हणूनच नोंद आणि पाहणी बियाणे शेतात उतरण्याआधी हवी.

आणि क्षार सोसणारे भात इथे नवे नाही. काळा राता, भुरा राता हे वाण खार जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पुढे पनवेल १, २, ३ असे वाण दिले. नवा वाण खाजणात आणायचाच असेल तर तो आधी यांच्या शेजारी, जंगली भाताच्या अंतरावर नजर ठेवून, दोन-तीन पावसाळे लावून बघावा आणि जे दिसेल ते ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावे. १९८९ च्या नियमांतली जिल्हा समिती याच कामाला लावता येईल. संपादित भाताच्या वाटेवर सध्या तिला जागा नाही. संस्थेची स्वतःची समिती आणि दिल्लीतली संशोधन समिती, एवढ्यावर ती वाट संपते.