सोयाबीनच्या पानातून निघालेला वायू

वरूड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात ‘ताण’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत बागेचं पाणी तोडायचं, पानं मलूल झाली की पुन्हा ओलीत सुरू करायचं आणि झाड फुलावर येतं. हा ताण बेतानं द्यावा लागतो. कोरडवाहू वावरातल्या सोयाबीनच्या नशिबी असा बेत नसतो. पेरणी साधली आणि मग उघाड पडली, तर भर दुपारी पीक माना टाकतं. झड लागली तर भारी काळ्या जमिनीत पाणी थांबतं, वावर चिबडतं आणि तेच पीक पिवळं पडतं. दोन्ही वेळा झाडाच्या आत एका वायूचा हिशेब चालू असतो. तो म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, नायट्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक.

वायू तसा जुन्या ओळखीचा. इंग्लिश शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टलीनं १७७२ मध्ये त्याचा अभ्यास केला होता. आभाळात वीज कडाडली की तो तयार होतो, गाड्यांच्या धुरातही असतो. त्यामुळे पुढची दोनशे वर्षं त्याच्याकडे प्रदूषण म्हणूनच पाहिलं गेलं. झाडातून तो बाहेर पडतो हे दिसलं तेही तणनाशकामुळे, आणि झाड होतं सोयाबीनचं. अमेरिकेत लोवेल क्लेपर यांनी १९७९ मध्ये नोंदवलं, की काही तणनाशकं मारल्यावर सोयाबीनच्या पानांतून नायट्रिक ऑक्साइड निघतो. कारणही सरळ होतं. प्रकाशसंश्लेषण अडलं की पानात नायट्राइट हे नायट्रोजनचं संयुग साचतं, कारण त्याचं पुढं अमोनियात रूपांतर करायला लागणारी ऊर्जा मिळत नाही, आणि साचलेल्या नायट्राइटपासून हा वायू तयार होतो. फवारणीनंतर ‘पिकाला शॉक बसला’ असं आपण म्हणतो, तसाच हा काहीसा प्रकार. नोंद झाली, पण तिचं फार कौतुक झालं नाही. आजारी पानाचा धूर, एवढीच तिची किंमत केली गेली.

मग माणसाच्या शरीरात हाच वायू रक्तवाहिन्या सैल करतो हे सिद्ध झालं आणि सगळं चित्र पालटलं. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं ते याच कामासाठी. त्याच वर्षी वनस्पतींकडेही नजर वळली. सोयाबीनच्या पेशींवर आणि तंबाखूच्या झाडांवर झालेल्या दोन वेगवेगळ्या अभ्यासांनी दाखवलं, की रोगाचा हल्ला झाला की वनस्पती स्वतः हा वायू इशारा म्हणून वापरतात. क्लेपर यांच्या त्या धुराला एकोणीस वर्षांनी अर्थ मिळाला तो असा.

दुष्काळाचा धागा २००१ मध्ये अर्जेंटिनातल्या गार्सिया-माता आणि लामातिना यांनी पकडला. मुळाला ओल कमी पडली की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं आणि पानांवरची रंध्रं, म्हणजे ज्यांतून पाणी उडून जातं ती बारीक छिद्रं, मिटतात, हे आधीच माहीत होतं. नायट्रिक ऑक्साइडनंही रंध्रं मिटतात, असं त्यांना दिसलं. हा वायू सोडणारं रसायन दिलेल्या गव्हाच्या तोडलेल्या पानांनी दोन-तीन तासांच्या कोरड्या ताणानंतर १५ टक्क्यांपर्यंत जास्त पाणी राखून ठेवलं. ते रसायन सोडियम नायट्रोप्रुसाइड. त्यातून सायनाइडही सुटतं, म्हणून ते प्रयोगशाळेत ठीक, फवारणी पंपात नव्हे.

झाड हा वायू बनवतं कशातून, यावर मात्र बरंच पाणी वाहिलं. प्राण्यांत त्यासाठी एक ठरावीक विकर (एन्झाइम) असतं. २००३ मध्ये वनस्पतीतही तसंच सापडल्याचा गाजावाजा झाला, आणि तीनच वर्षांत तो दावा मागे पडला. ते प्रथिन वेगळंच निघालं. २०१६ मध्ये जमिनीवरच्या हजाराहून अधिक वनस्पतींची जनुकीय माहिती चाळली गेली, तरी प्राण्यांसारखं विकर सापडलं नाही. सध्या भर आहे तो नायट्रेट रिडक्टेज या विकरावर. मुळांनी घेतलेलं नायट्रेट पचवणारं हेच विकर नायट्राइटपासून थोडा नायट्रिक ऑक्साइडही बनवतं. म्हणजे फिरून नायट्राइटच.

आता चिबडलेलं वावर. सोयाबीन उपटून मुळावरची गाठ नखानं फोडा. आत गुलाबी दिसली तर ती कामाची, म्हणजे हवेतला नायट्रोजन पिकाला मिळवून देणारी. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा. त्याच कुळातली फायटोग्लोबिन नावाची प्रथिनं इतर झाडांच्या मुळांतही असतात आणि ती नायट्रिक ऑक्साइड टिपून घेतात. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या छोट्या झाडावर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामानं यातला क्रम उलगडला. पाण्याखाली गेलेल्या मुळातून इथिलीन हा झाडाचाच एक संप्रेरक वायू बाहेर पडू शकत नाही, ते आतच साचतं. त्यानं फायटोग्लोबिन वाढतं आणि नायट्रिक ऑक्साइड घटतो. कमी हवेत जगण्याची तयारी करणारी काही प्रथिनं एरवी ऑक्सिजन आणि नायट्रिक ऑक्साइड असताना मोडून टाकली जातात. ती आता टिकून राहतात. म्हणजे ऑक्सिजन संपायच्या आधीच मूळ सावध झालेलं असतं. उघाडीत जो वायू वाढला की पान वाचतं, तोच चिबडलेल्या मुळाला आधी कमी करावा लागतो.