गेमची प्री-ऑर्डर: दुकानातली वेगळी, डिजिटल वेगळी

एखाद्या मोठ्या गेमची तारीख जाहीर झाली की रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत गेम खेळणाऱ्यांच्या प्रत्येक ग्रुपवर एकच प्रश्न येतो: प्री-ऑर्डर करू का, म्हणजे गेम येण्याआधीच पैसे भरून ठेवू का? उत्तरंही ठरलेली. एक जण सांगतो, अजिबात करू नकोस, 'सायबरपंक २०७७'च्या वेळी लोकांचं काय झालं ते आठव. दुसरा सांगतो, बाजारातल्या दुकानात आजच नाव घाल, नंतर बॉक्स मिळणार नाही. मग दोघांची जुंपते. विचारणारा शेवटी कंटाळून जे मनात असतं तेच करतो.

या भांडणात दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं, कारण दोघं वेगळ्याच व्यवहारांबद्दल बोलत असतात. पहिला बोलतो ते कन्सोलच्या (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राच्या) किंवा पीसीच्या ऑनलाइन स्टोअरवरच्या प्री-ऑर्डरबद्दल. दुसऱ्याच्या डोक्यात असते ती दुकानात जाऊन डिस्कसाठी दिलेली आगाऊ रक्कम. नाव एक असल्यामुळे एकीचे नियम दुसरीला लावले जातात, आणि चार-पाच हजारांचा गेम घेताना हा घोळ महागात पडतो.

डिजिटल प्री-ऑर्डर सगळ्यांना माहीत आहे, तिच्यावर फार वेळ घालवत नाही. बटण दाबायचं, पैसे जातात, गेम खात्यात दिसू लागतो आणि रिलीजच्या दिवशी कुलूप उघडतं. बोनस म्हणून गेममधल्या पात्राला एखादं जाकीट, बंदुकीवरचा रंग, क्वचित दोन-तीन दिवस आधी खेळायची मुभा. जाकिटासाठी पाच हजार आगाऊ देणं मला पटत नाही, आणि दोन दिवस आधी खेळायला मिळावं म्हणून महागडी आवृत्ती घेणं तर मुळीच नाही. बोनसचा मुद्दा माझ्यापुरता इथेच संपला. दुकानातल्या बॉक्ससोबत मिळणारं पोस्टर किंवा लोखंडी डबा हवा असेल तर अवश्य घ्या, पण गेम घ्यायचा की नाही हे त्यावरून ठरवू नका.

आधी टंचाईबद्दल बोलू, कारण 'नंतर मिळणार नाही' ही भीती तिथून येते. गणपतीच्या गाड्यांचं रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं आणि काही मिनिटांत वेटिंग सुरू होतं. बर्थ मोजके असतात, म्हणून आधी उठून बसणाऱ्याला फायदा मिळतो. आपल्याकडे ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की 'बुकिंग सुरू' असं कुठेही दिसलं की हात खिशाकडे जातो. पण डाउनलोड होणाऱ्या गेमला बर्थच नसतात. पहिल्या दिवशी एक लाख लोकांनी घेतला काय आणि एक कोटी लोकांनी घेतला काय, तुमची प्रत तिथे असतेच. तिथे आधी पैसे भरून तुम्ही काहीच राखून ठेवत नाही. खरी टंचाई दिसते ती वस्तूंची. सोनीचा प्लेस्टेशन ५ हा कन्सोल भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला. त्याचं बुकिंग १२ जानेवारीला उघडलं आणि बघता बघता साठा संपला. तिथे आधी बुकिंग करण्यात अर्थ होता. लोकांनी तोच अनुभव गेमला लावला आणि तेव्हापासून हा गोंधळ वाढला, असं माझं मत आहे.

डिस्कच्या बाबतीत टंचाई आहे, पण ती कोकणात वेगळ्या कारणाने होते. कंपनी डिस्क कमी छापते म्हणून नव्हे, तर आपला दुकानदार मागवतच नाही म्हणून. मुंबई-पुण्याच्या वितरकाकडून माल उचलताना तालुक्याच्या गावचा दुकानदार फुटबॉल आणि क्रिकेटचे गेम डोळे झाकून घेतो, बाकीचे फक्त कोणी सांगितलं असेल तर. त्याचं काही चुकत नाही. न खपलेला बॉक्स वर्षभर काचेच्या कपाटात पडून राहिला तर ते पैसे अडकून पडतात. म्हणून त्याला आधी सांगणं उपयोगाचं असतं. फक्त सांगायचं म्हणजे सगळे पैसे मोजायचे असं नाही. ओळखीच्या दुकानात नाव, फोन नंबर आणि गेमचं नाव लिहून दिलं तरी काम होतं. त्याने आग्रहच धरला तर चार-पाचशे रुपये ठेवावेत. अमेरिकेत डिस्कच्या दुकानांतून प्री-ऑर्डर रुजली तीही पाच डॉलरसारख्या छोट्या रकमेवर, दुकानाला किती प्रती मागवायच्या याचा अंदाज यावा म्हणून. पूर्ण रक्कम आगाऊ मागणारा दुकानदार तुमच्याच पैशांनी माल भरत असतो.

आता ज्या एका फरकापायी लोक खरोखर फसतात तो.

प्री-ऑर्डर केल्यावर मन बदललं, किंवा गेम वाईट निघाला, तर बाहेर कसं पडायचं? डिजिटलमध्ये परतीची वाट रिलीजच्या आधी मोकळी असते आणि रिलीजनंतर बंद होत जाते. दुकानात बरोबर उलट. रिलीजच्या आधी पैसे परत मिळणं दुकानदाराच्या मर्जीवर आणि पावतीवर अवलंबून असतं, पण डिस्क हातात आली की वाट मोकळी होते, कारण ती विकता येते.

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन स्टोअरवर रिलीजच्या आधी केव्हाही प्री-ऑर्डर रद्द करता येते. रिलीजनंतर १४ दिवसांच्या आत आणि खेळून दोन तासांपेक्षा कमी वेळ झाला असेल तरच पैसे परत मिळतात. रिलीजच्या आधी 'ॲडव्हान्स्ड ॲक्सेस' म्हणून खेळलेला वेळही एप्रिल २०२४ पासून त्या दोन तासांत धरतात. म्हणजे महागडी आवृत्ती घेऊन आदल्या दिवशी चार तास खेळलात, तर गेम अधिकृतपणे बाजारात येण्याआधीच तुमचा हक्क संपलेला असतो. प्लेस्टेशन स्टोअरचा नियम आणखी कडक आहे. रिलीजला १४ दिवसांपेक्षा जास्त अवकाश असताना घेतलेली प्री-ऑर्डर रिलीजच्या तारखेपर्यंत मोडता येते. त्यानंतर घेतली असेल तर पैसे भरल्यापासून १४ दिवस, तेही गेम डाउनलोड किंवा स्ट्रीम करायला सुरुवात केली नसेल तर. डाउनलोड सुरू केलं की निव्वळ आवडला नाही म्हणून पैसे परत मिळत नाहीत. स्टीमवर निदान दोन तास खेळून बघता येतं, इथे तेवढंही नाही. मोडायची शक्यता वाटत असेल तर आपोआप डाउनलोड होण्याचा पर्याय आधी बंद करा.

'सायबरपंक'चं उदाहरण नेहमी अर्धवट सांगितलं जातं. १० डिसेंबर २०२० ला गेम आला, जुन्या कन्सोलवर तो धड चालत नव्हता, आणि आठवडाभरात सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढून पैसे परत द्यायला सुरुवात केली. हा अपवाद होता. गेम भिकार आहे, कथा रटाळ आहे, एवढ्या कारणावर कोणी पैसे परत देत नाही, आणि असेच गेम जास्त निघतात. अशा वेळी डिस्कवाला निदान ती कोल्हापूरच्या किंवा पुण्याच्या कोणाला तरी विकतो. पहिल्या पंधरवड्यात भाव बरा येतो, पुढे झपाट्याने उतरतो. पूर्ण पैसे सुटत नाहीत, पण चार हजार बुडण्यापेक्षा बाराशे बुडालेले परवडतात. डिजिटलवाल्याच्या हातात विकण्यासारखं काही नसतं, कारण त्याने विकत घेतलेली असते ती त्याच्या खात्यापुरती खेळायची परवानगी.

म्हणून 'प्री-ऑर्डर कधीच करू नये' हा सल्ला डिजिटलपुरता मी मान्य करतो. डिस्कला तो जसाच्या तसा लावणं चूक आहे.

पण बॉक्समध्ये डिस्क असायला हवी. इथे मात्र मला खरंच राग येतो. माझ्या भाच्याने आमच्याकडच्या बाजारातल्या एका दुकानात गेमची पूर्ण रक्कम आगाऊ भरली. पावती म्हणून वहीतला कागद मिळाला, त्यावर गेमचं नाव आणि रक्कम, बाकी काही नाही. गेम आला त्या दिवशी तो संध्याकाळी बॉक्स घेऊन घरी आला, प्लास्टिक फाडलं, आत निळसर कागदाची एक चिठ्ठी आणि तिच्यावर गेम डाउनलोड करायचा कोड. डिस्क नव्हतीच. बॉक्सच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तसं छापलेलं होतं. दुकानदार म्हणाला, सील फोडलंय, आता घेणार नाही. कोडवाल्या बॉक्समध्ये दोन्ही वाटा बंद असतात: रिलीजच्या आधी पैसे दुकानदाराकडे अडकलेले, आणि नंतर विकायला हातात काहीच नाही. दुकानातून घेतला म्हणून कोणी त्याला डिस्कची प्री-ऑर्डर समजू नये. ती डिजिटल खरेदीच आहे, आणि तीसुद्धा डिजिटलमधला रद्द करण्याचा हक्क गमावून केलेली. बॉक्स दुबईहून वगैरे आणलेला असेल तर आणखी अडचण येते. प्लेस्टेशनची डिस्क कुठल्याही देशातली चालते, पण कोड त्या त्या देशाच्या खात्यालाच लागतो. मग बोनसचा कोडही भारतीय खात्यावर उघडत नाही.

पीसीच्या बॉक्समध्ये तर बहुतेकदा कोडच असतो, तेव्हा पीसीवाल्यांनी दुकानातल्या प्री-ऑर्डरच्या फंदात पडूच नये. निन्टेन्डो स्विच २ या कन्सोलच्या काही गेममध्ये 'गेम-की कार्ड' येतं. त्यात गेम नसतो, तो डाउनलोड करावा लागतो, पण कार्ड दुसऱ्याला देता किंवा विकता येतं. परतीच्या वाटेच्या दृष्टीने ते डिस्कच्या बाजूला बसतं. एक्सबॉक्स सीरिज एस किंवा प्लेस्टेशनची डिजिटल आवृत्ती घरी असेल तर डिस्क घालायला खाचच नाही. हे सांगावं लागू नये, पण डिस्क घेऊन घरी गेलेले लोक मी पाहिले आहेत.

डिस्क घेतली म्हणजे नेट लागणार नाही, हा समजही सोडून द्या. 'स्पायरो'च्या तीन गेमच्या २०१८ च्या संचात डिस्कवर पहिलाच गेम होता, उरलेले दोन डाउनलोड करायचे. 'मॉडर्न वॉरफेअर २' च्या २०२२ च्या प्लेस्टेशन ५ डिस्कवर जेमतेम ७० एमबी होते. इतकं टोक नेहमी गाठलं जात नाही, पण पहिल्या दिवसाचा अपडेट जवळपास प्रत्येक गेमला असतो, कारण डिस्क छापायला गेल्यानंतरही काम चालूच राहतं. हे कोकणात जास्त बोचतं. गावात फायबर पोचली नसेल आणि मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर भागवायचं असेल, तर १०० जीबीचा गेम उतरवायला ५० दिवस लागतील. पावसाळ्यात वारा सुटून लाइन गेली की तेही पुढे सरकतं. अशा घरात डिस्कच घ्यावी, पण डिस्कवर पूर्ण गेम आहे का, हे रिलीजनंतर दोन दिवस थांबून बघितल्याशिवाय घेऊ नये. घाटातून पार्सल यायला तसाही एखाद-दुसरा दिवस जातो. आंबा, करूळ, आंबोली यांतला एखादा घाट दरडीने बंद असेल तर पहिल्या दिवसाचं बोलूच नका.

पैशांबाबत सरळ सांगतो. आगाऊ रक्कम दिली तर छापील पावती घ्या. तीवर गेमचं नाव, कुठल्या कन्सोलसाठी, 'डिस्कसह' हा शब्द, आणि तारीख पुढे गेली तर पैसे परत, असं एक वाक्य दुकानदाराकडून लिहून घ्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार विकलेल्या मालाचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या पाटीला घाबरून गप्प बसू नका. १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. पहिल्या दिवशी मागणी आहे म्हणून छापील किमतीपेक्षा जास्त मागणाऱ्यालाही पैसे देऊ नका. सीलबंद बॉक्सवर एमआरपीच्या वर घेता येत नाही.

सध्या सगळ्यांच्या डोक्यात 'जीटीए ६' (ग्रँड थेफ्ट ऑटो ६) हा गेम आहे. आधी २०२५ सांगितलं, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६. पहिल्या तारखेवर विसंबून ज्यांनी दुकानात पूर्ण रक्कम ठेवली असेल, त्यांचे पैसे दुसऱ्याच्या गल्ल्यात वर्षभर बिनव्याजी राहतात. बॉक्समध्ये डिस्क आहे हे खोक्यावर छापलेलं दिसलं की ओळखीच्या दुकानात नाव सांगा, लागलंच तर पाचशे रुपये ठेवा. नुसता कोड असेल तर दुकानाची पायरी न चढता गेम आल्यानंतर आठवड्याने ऑनलाइन घ्या. तोवर तुमच्या कन्सोलवर तो कसा चालतो हे बाकीच्यांनी खेळून सांगितलेलं असेल.