दगडाची जाडी आणि सापाचं घड्याळ

साप थंड रक्ताचा, म्हणून तो गारव्यासाठी दगडाखाली शिरतो, असं सर्रास सांगितलं जातं. मे-जूनच्या रणरणत्या उन्हात ते खरंही असेल. पण अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, एप्रिलच्या सकाळी, साप दगडाखाली येतो तो ऊब घ्यायला.

तिथल्या फ्लिंट हिल्स या टेकड्या चुनखडीच्या. चुनखडीत चकमकीचे गोटे इतके की नांगर चालेना, म्हणून उंच गवताची प्रेअरी, म्हणजे मोकळी गवताळ मैदानं, इतरत्र शेतीखाली गेली आणि इथे उरली. उतारांवर सपाट फरशा सुट्या पडलेल्या असतात. एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंत, पाऊस पडून गेल्यावर ऊन आलं आणि हवा १६ ते २४ अंशांच्या आसपास असली की या फरशांखाली साप मिळतात. सर्वांत जास्त रिंगनेक, पेन्सिलीएवढा, गळ्यात पिवळं कडं असलेला. लॉरेन्स गावाजवळ १९४८ पासून साप अभ्यासणाऱ्या हेन्री फिच यांना काही जागी हे साप हेक्टरी ७०० हून अधिक आढळले. त्याच फरशांखाली कॉपरहेड आणि मॅसासॉगा हे विषारी सापही असतात.

मग साप पाहायचा तर कुठला दगड उचलायचा? इथे शाळेतला उष्णतावहनाचा धडा कामी येतो. ऊन दगडाचा माथा तापवतं आणि ती उष्णता लाटेसारखी खाली उतरते. उतरताना लाट क्षीणही होते आणि तिला उशीरही होतो. चुनखडीत साधारण दर १६ सेंटिमीटरला तापमानाचा चढउतार ३७ टक्क्यांवर येतो आणि उष्णतेचा कळस जवळजवळ चार तास मागे पडतो. समजा, माथ्याचं तापमान पहाटे १० आणि दुपारी ४० अंश आहे, म्हणजे फरक ३० अंशांचा. ५ सेंटिमीटर खाली तो सुमारे २२ उरतो, १६ सेंटिमीटरवर ११ आणि ३० सेंटिमीटरवर जेमतेम ५. कळस तिथे पोचायला सात तास लागतात. (दगडाखालच्या मातीतून उष्णता वेगळ्या वेगाने उतरत असल्याने आकडे थोडे सरकतात.)

म्हणून सकाळी दहाला पातळ फरशा पाहाव्यात, दुपारी तीन-चारनंतर हातभर रुंद, वीतभर जाड. कॅलिफोर्नियातल्या ईगल लेकजवळ जीवशास्त्रज्ञ रेमंड ह्युई आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवलं की तिथले गार्टर साप रात्रीच्या मुक्कामाला बहुधा २० ते ४० सेंटिमीटर जाडीचे दगड निवडतात. पातळ दगड दिवसा भाजतो आणि रात्री गारठतो, फार जाड दगड पुरेसा तापतच नाही. मात्र हा आकडा उचलून कॅन्ससच्या वसंतात लावू नये. तिथे रिंगनेकला रात्रभराचा मुक्काम नको असतो, सकाळची चटकन मिळणारी ऊब हवी असते.

जाडी जमली तरी दगडाखाली बोटभर पोकळी हवी. मातीत रुतलेल्या दगडाखाली सापाला शिरायला जागा नसते. माती ओलसर हवी; ती सुकून भुगा झाली की छोटे साप भेगांतून खाली उतरतात. जूनमध्ये दगडांखाली फारसं काही मिळत नाही त्याचं एक कारण हेच. थर्मल कॅमेऱ्याची जाहिरात वाचून खिसा रिकामा करू नका. तो दगडाच्या आरपार पाहत नाही, आणि साप बाहेर पडला तरी त्याचं तापमान दगडाएवढंच असल्यामुळे तो चित्रात वेगळा उठून दिसत नाही.

उचलताना दगडाची पलीकडची कड आकड्याने (साप हाताळायच्या, टोकाला वाकलेल्या काठीने) आपल्याकडे ओढायची. दगड आपल्या नि सापाच्या मध्ये राहतो आणि सापाला पळायची वाट समोर मिळते. बोटं कधीच कडेखाली घालायची नाहीत. तिथे विंचूही असतात. बहुतेक जमीन खासगी कुरणांची असल्याने मालकाची परवानगी लागते, आणि राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रात दगड उलथू नयेत.

कोकणातल्या कातळसड्यांवर हा प्रयोग करू नये. तिथल्या सुट्या दगडाखाली फुरसं असू शकतं; ते आकाराने लहान असलं तरी त्याचा दंश जिवावर बेतू शकतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली साप पकडायलाही परवानगी लागते. डिवचलेला साप डूख धरून त्याच जागी परत येतो, ही समजूत आपल्याकडे अजून टिकून आहे. अनेक साप त्याच दगडाखाली परततात हे खरं, पण ते तिथल्या तापमानासाठी आणि ओलाव्यासाठी. माणसाशी त्याचा संबंध नाही.

आणि म्हणूनच दगड जसा होता तसाच, मातीतल्या त्याच खाचेत बसवायला हवा. तिरपा ठेवला तर कडेने हवा खेळते, ओल उडते, पोकळीचं तापमान बदलतं. ऑस्ट्रेलियातल्या वालुकाश्माच्या पठारांवर सरकलेले दगड मूळ जागी नीट बसवल्यावर सरपटणारे प्राणी त्यांच्याखाली जास्त येऊ लागले. साप दगडाखालीच असताना मात्र दगड टेकवू नये, तो चिरडतो. बिनविषारी असेल तर आधी त्याला आकड्याने बाजूला घ्यायचं, दगड बसवायचा आणि मग त्याला कडेशी सोडायचं. फट तो स्वतः शोधतो. विषारी असेल तर मागे सरून तो आपणहून निघून जाईपर्यंत थांबायचं.