रानपिंगळ्याला हवी ढोली

शहाद्याचं नाव आपण केळी-पपईसाठी घेतो. पक्षी-अभ्यासकांना ते आठवतं एका वीतभर घुबडामुळे. रानपिंगळ्याचा शेवटचा खरा नमुना १८८४ साली खानदेशातच मिळाला होता. पुढे रिचर्ड माइनर्त्झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मांडवीला तो मिळाल्याची नोंद केली आणि शोधाची दिशाच चुकली. ती नोंद खोटी निघाली: म्युझियममधून चोरलेला जुनाच पक्षी, पायाला नवी चिठ्ठी! अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांना या चिठ्ठीचा संशय आला. त्यांनी नि त्यांच्या साथीदारांनी जुन्या, खऱ्या नोंदींचा माग धरला, आणि २५ नोव्हेंबर १९९७ ला शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी तो सापडला. तब्बल ११३ वर्षांनी.

आता तो इतर ठिकाणीही आढळल्याने २०१८ मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून 'संकटग्रस्त' वर्गात आणलं. बढतीच म्हणायची.

हा भरदिवसा शिकार करतो. सरडे, उंदीर, किडे खातो. गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके असतात, याचं डोकं जवळपास कोरं. पायांवर दाट पिसं, जणू लेंगाच घातलाय. बिथरला की शेपटी डावी-उजवीकडे झटकतो.

पण त्याची खरी अडचण घराची आहे. घुबडाला झाड कोरता येत नाही. सुतारपक्ष्याने सोडलेलं भोक किंवा फांदी मोडून कुजलेली जागा, अशी आयती ढोली मिळाली तरच अंडी घालता येतात. मोडलेल्या फांदीच्या जखमेतून बुरशी शिरते, आतला गाभा हळूहळू भुसभुशीत होतो. ढोली व्हायला कित्येक वर्षं जातात. त्यावर साळुंकी आणि पोपटांचाही डोळा.

आणि कुऱ्हाड आधी पडते ती याच झाडावर. इमारती लाकडाला बाद, सरपणाला सोयीचं. "आतून पोकळंय, ठेवून काय करायचं?" हे वाक्य मी सातपुड्यात किती वेळा ऐकलंय! शेतासाठी उजाड केलेला डोंगर निदान डोळ्यांत भरतो. जुनी झाडं जाऊन सरळसोट सागाची लागवड झाली की रान लांबून हिरवंच दिसतं, ढोली मात्र एक नसते. म्हणून जंगल मोजताना फक्त झाडं मोजू नयेत, ढोल्याही मोजाव्यात.

गावातला पिंगळा शाळेच्या कौलाखालीसुद्धा पिलं वाढवतो. रानपिंगळा अजून तरी कुणाच्या कौलाखाली आलेला नाही.